सुबीला जिलेबी, मला तीन बोटं

तुरीला फुलं आली आणि मला परत आमच्या सुबीचा राग आला. यात तुरीचा दोष नाही, आणि खरं सांगायचं तर सुबीचाही नाही. पण शेताच्या धुऱ्यावर उभं राहिलं की सगळं शेत पिवळं दिसतं, सोयाबीन घरात येऊन पडलेलं असतं, भुशाच्या, कुटाराच्या ढिगावर कोंबड्या उकरत असतात, सकाळी पाण्यात हात घातला की बोटं आखडतात. मागच्या निवडणुकीलाही असेच दिवस होते. आता परत निवडणूक आली आहे, आणि काल अंगणवाडीची रुबीना वही घेऊन आमच्या ओट्यावर बसून गेली. ती गेल्यावर मी तूर पाहत उभी राहिले आणि मागचं सगळं वर आलं.

राग म्हणते आहे, पण तो राग नाही. हेवा आहे. मी चौथी शिकले आहे, एवढा फरक मला कळतो.

सुबी माझी नणंद. खरं नाव सुभद्रा. माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. सासू मला म्हणाली, "हे आमची सुबी. भोळी हाय. तुह्या मागं मागं राहीन, राहू देजो." ती राहिली. पंचावन्न वर्षं राहिली. तिला दहाच्या पुढे मोजता येत नाही, घड्याळ कळत नाही, उजवी चप्पल ती डाव्या पायात घालते. पण गोवऱ्या तिच्यासारख्या गावात कोणी थापत नाही, आणि कोणती कोंबडी कुठे लपून अंडं घालते ते फक्त तिला माहीत असतं.

तिची एक सवय आहे. काहीही करायच्या आधी ती माझ्या तोंडाकडे पाहते. दुसरी भाकर घ्यायची का, पाहते. पाहुणे हसले तर आपण हसायचं का, पाहते. मी मान हलवली की करते, भुवई उचलली की थांबते. मुलगी सासरी गेली, मुलगा पुण्याकडे कामाला गेला, घरात मी, माझा बुढा म्हणजे नवरा, आणि माझ्या तोंडाकडे पाहणारी सुबी. या सवयीचा मला कंटाळा आहे असं मी सगळ्या गल्लीला सांगत आले. कंटाळा होताच. पण तेवढंच नव्हतं, हे मला रुबीना आल्यावर कळलं.

मतदानाचा दिवस तेवढा माझा होता. लग्नकार्याला गेले तरी सुबी पदराला असायची, देवळात गेले तरी असायची. मतदानाला मात्र मी एकटी जायची. पेटीतलं चांगलं लुगडं नेसायचं, गल्लीतल्या बायांबरोबर हळूहळू शाळेपर्यंत चालायचं, निंबाखाली रांगेत उभं राहून दुसऱ्यांच्या सुनांची निंदा ऐकायची, येताना कोणाच्या तरी ओट्यावर चहा घ्यायचा. दोन तास. त्या दोन तासांत माझ्या तोंडाकडे कोणी पाहत नव्हतं. सुबी चौकटीला धरून उभी राहायची, परत येईपर्यंत. ती येऊ शकत नव्हती, कारण तिचं नाव यादीत नव्हतं.

आणि ते नव्हतं, ते माझ्यामुळे.

फार वर्षांपूर्वी शाळेतले एक गुरुजी नावं लिहायला आले होते. बुढा शेतात होता, म्हणून नावं मीच सांगितली. सुबी तिथंच बाजूला गोवऱ्या थापत होती. गुरुजींनी पेन तिच्याकडे दाखवला. "हिचं?" मी म्हटलं, "तिचं नका लिहू गुरुजी. तिले काई समजत नाई." गुरुजींनी वही मिटली. एक ओळ लिहायची होती. मला माझे दोन तास वाचवायचे होते.

मागच्या निवडणुकीच्या आधी याद्यांचं काम रुबीनाकडे आलं. रुबीना आमच्या गावच्या अंगणवाडीची बाई. तिचा नवरा मंगरूळपीरला शिलाईचं काम करतो. तिचं बोलणं चटचट, चालणं त्याहून चटचट. ओट्यावर बसून तिनं वहीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आजी, सुबी आत्याचं नाव काहून नाई यादीत?"

"राह्यलं असन," मी म्हटलं.

मागून आवाज आला, "वयनीनं नको म्हटलं."

सुबी कोंबड्यांना दाणे टाकत होती. वर न पाहता बोलली. "गुरुजी आले होते. मी गोवऱ्या थापून राह्यली होती. वयनीनं नको म्हटलं."

एवढं बोलून ती दाणे टाकत पुढे गेली. जिला काही समजत नाही म्हणून मी सांगितलं होतं, तिनं ती सकाळ शेणासकट जपून ठेवली होती. रुबीना माझ्याकडे पाहत नव्हती, ही तिची भलाई. तिनं वहीतून एक कोरा फॉर्म काढला.

बुढा घरातून बाहेर आला. "आता या वयात कायले? आन डोक्यानं कमी असलं तर मत नसते."

"कोर्टानं तसं लिहून देल्लं हाय का, दादाजी? कागद दाखवा."

"कोर्ट कायले लागते? सगळ्या गावाले माहीत हाय."

"गावाले माहीत असून भागत नाई," रुबीना म्हणाली. "गावाले तर तुमचंबी लय काई माहीत हाय."

बुढा तंबाखू चोळत परत आत गेला. फॉर्म भरला. सुबीनं अंगठा दिला. देताना तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मी मान हलवली. दुसरं काय करणार?

फोटो काढायला रुबीनाच तिला एसटीनं मंगरूळपीरला घेऊन गेली. मी जाणार होते, पण त्या दिवशी कापूस वेचायला बाया लावल्या होत्या. संध्याकाळी सुबी परत आली ती वेगळीच. दर्गा पाहिला, बस पाहिली, फोटोवाल्यानं खुर्चीवर बसवून "हसा" म्हटलं आणि ती हसली. माझ्या तोंडाकडे न पाहता हसली, कारण मी तिथं नव्हते. पुढे तिचं कार्ड आलं. पोस्टमननं दारातून पूर्ण नाव घेऊन हाक मारली, तर घरात कोणाला कळेना हा कोणाला बोलावतो आहे. रंगीत, चकचकीत कार्ड, त्यात सुबीचे सगळे उरलेले दात. माझं कार्ड जुनं. त्यात माझं तोंड तव्याच्या पाठीसारखं काळं आहे आणि एक डोळा मिटलेला. मी दोन्ही कार्डं शेजारी ठेवून पाहिली, आणि तिचं लगेच डब्याच्या तळाशी ठेवून दिलं.

मग सुरू झालं शिकवणं. रुबीनानं चपलांच्या खोक्याची मशीन केली होती. खोक्यावर एका खाली एक चार चित्रं चिकटवली. सूप, लोटा, फणी, माठ. कोणत्याच पक्षाची नाहीत. प्रत्येक चित्रापुढे सदऱ्याचं एक मोठं बटण. बटण दाबलं की रुबीना तोंडानं "पीं" असा लांब आवाज काढायची. सुबीला तो "पीं" फार आवडला. रोज दुपारी अंगणवाडी सुटली की रुबीना यायची, आणि तिच्या यायच्या आधी सुबी स्वतःची वेणी स्वतः घालून बसायची. इतकी वर्षं ती वेणी मी घातली. पहिल्या दिवशी ती वाकडी होती, चौथ्या दिवशी सरळ. त्या दिवशी माझ्या भाकरी करपल्या.

पाचव्या-सहाव्या दिवशी रुबीनाला एक गोष्ट दिसली. ती सुबीला म्हणायची, "आत्या, तुमाले जे पायजे ते दाबा," आणि सुबी बटणावर बोट ठेवून माझ्याकडे पाहायची. मी शेंगा फोडत समोर बसलेली. मी काही करत नव्हते, देवाशपथ. पण सुपावर बोट गेलं की माझ्या कपाळाला बारीक आठी पडत असेल, माठावर गेलं की ती जात असेल. सुबी रोज माठच दाबत होती. रुबीनानं दोनदा पाहिलं, तीनदा पाहिलं. मग मला म्हणाली, "आजी, तुमी जराक भिताडाकडं तोंड करून बसा."

"माह्याच घरात?"

"हो. तुमच्याच घरात."

मी भिंतीकडे तोंड करून बसले. समोर पोपडे निघालेली भिंत, हातात शेंगा. मागे बराच वेळ सुबीचा श्वास ऐकू येत होता, जड काम करताना येतो तसा. माझ्या पाठीवर तिची नजर मला कळत होती. मग "पीं" झालं. रुबीनानं विचारलं नाही, सुबीनं सांगितलं नाही. मी वळून पाहिलं तर दोघी हसत होत्या, आणि खोक्यावर काहीच खूण नव्हती. कोणतं दाबलं ते मला आजपर्यंत माहीत नाही. सुबीच्या पोटात काय आहे, अंगावर काय आहे, मनात काय आहे, ते मला माहीत नाही असं इतक्या वर्षांत पहिल्यांदा झालं.

"हे कोनाले सांगाचं नाई," रुबीना तिला रोज बजावायची. "दादाले?"

"नाई."

"वयनीले?"

इथं सुबी थांबायची. मग म्हणायची, "नाई."

भिंतीकडे तोंड करून बसलं की माणसाला आपलं आठवतं. मी पहिलं मत दिलं तेव्हा कागद होता आणि शिक्का होता. सासरा बैलगाडीवर पुढे बसला होता, सासू आणि मी मागे. त्यानं मागे न पाहता सांगितलं, "वरून दुसऱ्या खान्यात." सासूनं मान हलवली, मी सासूकडे पाहून मान हलवली. झालं माझं शिक्षण. सासरा गेल्यावर बुढ्यानं ते काम घेतलं. शाळेत गड्यांची रांग वेगळी, बायांची वेगळी. बुढा त्यांच्या रांगेतून हात वर करतो आणि बोटं दाखवतो. दोन म्हणजे वरून दुसरं. चार म्हणजे चौथं. गावातल्या अर्ध्या बायांचे नवरे तसंच करतात, रांगेत सगळीकडे हात वर, जणू वासरांचे दात मोजत आहेत. मी कधी विचारलं नाही की तो माणूस कोण. बोटं दिसली की पुरे. आणि मला त्याचं काही वाटलंही नव्हतं, खरंच नव्हतं. पण आता माझ्या घरात, माझ्या पाठीमागे, एक शिकलीसवरलेली बाई रोज दुपारी जमिनीवर मांडी घालून सुबीला विचारत होती, तुम्हाला काय पाहिजे? तुम्हाला. परत सांगते, घाई करू नका, तुम्हाला काय पाहिजे? मला हे कोणी एकदाही विचारलं नव्हतं, कारण मला सगळं समजतं.

माझा हेवा इथं बसला आणि मग उठलाच नाही.

गावात भोंगे फिरू लागले. उमेदवार येत, हात जोडत, जात. सुबी चौकटीला धरून सगळ्यांना पाहायची. एकाच्या गाडीखाली तिची तांबडी कोंबडी आली. गाडी थांबली नाही. ती गाडी बुढा ज्याच्या बाजूनं होता त्याच उमेदवाराची होती. सुबी रडली नाही. कोंबडी उचलून तिनं माझ्यापुढे ठेवली आणि गाडी गेली त्या रस्त्याकडे पाहत राहिली. बस, एवढंच. त्यापुढचं मी जे समजते ते माझ्या मनाचं आहे.

मतदानाच्या दिवशी थंडी होती. मी पेटीतलं लुगडं काढलं तेव्हा सुबी आधीच तयार होती, वेणी सरळ, चपलाही ज्या त्या पायात. आम्ही दोघी निघालो. माझे दोन तास गेले, हे मला रस्त्यात कळलं. निंबाखाली बाया सुनांबद्दल बोलत नव्हत्या, सुबीबद्दल बोलत होत्या. "आली का व सुबी? तुलेबी मत हाय का?" सुबी म्हणायची, "हाय," आणि कार्ड दाखवायची. सगळ्यांना. माझं कार्ड कोणी पाहिलं नाही.

गड्यांच्या रांगेतून बुढ्यानं हात वर केला. तीन बोटं. आधी माझ्याकडे, मग सुबीकडे. सुबीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग आपला हात वर केला आणि त्याला पाच बोटं दाखवली. सगळी रांग हसली, गडी हसले, शिपाई हसला. बुढा हात खाली करून दुसरीकडे पाहू लागला. सुबीला वाटलं असेल हा खेळ आहे. किंवा वाटलं नसेल. मी तिची खात्री देणं तेव्हापासून सोडलं आहे.

माझा नंबर आधी होता. मी आत गेले, शाई लावली, मशीनच्या आडोशाला लावलेल्या पुठ्ठ्यामागे गेले, आणि बोट आपलं आपण वरून तिसऱ्यावर गेलं. मी काही ठरवलं नव्हतं. बैल घरी येतो तसं ते गेलं. मशीन वाजली. मी दारात येऊन उभी राहिले, सुबीसाठी.

टेबलावरच्या मतदानाच्या साहेबांनी तिचा कागद पाहिला, तिच्याकडे पाहिलं, आणि नीट विचारलं, "आजी, मदतीला कोणाला सोबत नेता येतं. कोणाला न्यायचं आहे का?"

रुबीनानं आम्हाला हे आधीच सांगितलं होतं. बुढा म्हणत होता मी जाईन. मी म्हणाले होते मी. सुबी माझ्याकडे पाहणार, मी मान हलवणार, हे मी गृहीत धरलं होतं. मी दारात ताठ उभी राहिले, तिला दिसेल अशी.

तिनं माझ्याकडे पाहिलं. लांबून पाहिलं, चांगलं पाहिलं. मग साहेबांना म्हणाली, "कोनी नाई."

आणि पुठ्ठ्यामागे गेली. तिला वेळ लागला. मागच्या बाया कुरकुरल्या. मला तिचे फक्त पाय दिसत होते, टाचा भेगाळलेल्या, जमिनीला घट्ट. मला वाटलं, आता बाहेर येऊन विचारील. मला वाटलं, येऊ दे बाहेर, विचारू दे. हे खरं मी लिहून ठेवते. तिची फजिती व्हावी असं मला त्या वेळी वाटलं. मग मशीन वाजली, लांब, रुबीनाच्या तोंडापेक्षा किती तरी लांब. आणि मशीनचा आवाज संपल्यावर पुठ्ठ्यामागून सुबीचाही आला, "पीं."

दुसऱ्या दिवशी बुढा मंगरूळपीरच्या बाजारातून जिलेबी घेऊन आला. आमच्या घरात जिलेबी येते ती नातवंडं आली की. कागदाची पुडी, तेल सुटलेलं, अजून कोमट. ती त्यानं सुबीपुढे ठेवली.

"सुबे, काल कोनतं दाबलं व?"

सुबीनं जिलेबी खाल्ली.

"मले सांग. मी तुहा दादा हाय."

दुसरी खाल्ली.

"वरून कितवं? बोटं दाखव नुसती."

तिनं बोटं चाटली. पुडी संपवली, कागद चाटला, आणि म्हणाली, "सांगाचं नाई." बुढा आधी हसला, मग चिडला, मग परत गोड बोलला. पाऊण तास. एवढा वेळ तो माझ्याशी कधी बोलला नाही, मुलीचं लग्न ठरलं तेव्हासुद्धा नाही. मी चुलीपाशी बसून होते. शेवटी मीच म्हटलं, "मले नाई विचारत?"

"तुहं काय विचाराचं?" बुढा म्हणाला. "तुहं मले माहीत हाय."

आणि माहीत होतंच. तीन.

पुढचे चार दिवस सुबीनं शेणात हात घातला नाही, बोटाची शाई जाईल म्हणून. गोवऱ्या मी थापल्या. माझ्या बोटाची शाई दुसऱ्या दिवशीच शेणानं झाकली, आणि झाकली तर झाकली. कोण निवडून आलं, कोण पडलं, मला आठवतही नाही. तूर झडली, शेंगा भरल्या, तूर घरात आली. जिलेबीच्या कागदाची सुबीनं घडी करून ती आपल्या कार्डाखाली ठेवली. ती घडी अजून आहे.

ही सगळी गोष्ट मला काल तूर पाहत उभी असताना आठवली. घरात आले तेव्हा सुबी फडताळातून तो चपलांचा खोका काढून बसली होती. एक बटण तुटलं आहे, माठाचं चित्र उंदरानं खाल्लं आहे. बुढा बाहेर होता. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघे कडकड वाजले.

"सुबे, मले शिकोव."

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी मान हलवली नाही, भुवईही नाही. तोंड भिंतीसारखं ठेवलं. तिनं बराच विचार केला. मग खोका माझ्याकडे सरकवला, आणि स्वतः उठून भिंतीकडे तोंड करून बसली. रुबीनानं मला तसं बसवलं होतं ते पाहून ती हे शिकली होती, आणि मला वाटत होतं तो धडा फक्त माझ्यासाठी होता.

मी चारही चित्रांकडे पाहिलं. सूप, लोटा, फणी, आणि उंदरानं खाल्लेला माठ. तीन नंबरला फणी आहे. बोट आपलं आपण तिकडे निघालं. मी ते धरलं, दुसऱ्या हातानं. सत्तरी गाठलेल्या बाईनं आपलंच बोट धरून बसावं, हे कोणी पाहिलं असतं तर हसलं असतं. कोणी पाहत नव्हतं. फणी मला नको होती. माझे केस गेले आहेत. मला काय पाहिजे होतं ते ठरवायला वेळ लागला, सुबीला लागला होता त्याहून जास्त. मग मी बटण दाबलं.

"पीं," भिंतीकडे तोंड करून सुबी म्हणाली. आणि न वळता पुढे म्हणाली, "सांगाचं नाई हं, वयनी. मलेबी नाई."

संध्याकाळी बुढा आला, पाय धुतले, आणि सुबीला म्हणाला, "का व सुबे, या खेपेला तरी सांगशीन का? जिलेबी आनतो." सुबी हसली. माझ्याकडे पाहून नाही, आपलं आपण. मी ताट वाढलं. बुढा जेवला. मला काही विचारलं नाही.

चार दिवसांनी मतदान आहे. रांगेत तो हात वर करील, बोटं दाखवील. दाखवू दे. पण दुसऱ्या दिवशी बाजारात गेला की त्याला दोन पुड्या आणाव्या लागतील, आणि दोन्ही वाया जातील.